बारा स्क्रीन, एक जिना

माझे भावोजी मला कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे त्यांच्याबद्दल चार बरे शब्द आले, तर ते नाइलाजाने आले आहेत असं समजा.

ताईशी लग्न होऊन त्यांना बावीस वर्षं झाली. नोकरी लिफ्ट तपासनिसाची. महिन्याला तीस-चाळीस इमारती फिरायच्या, दोर, ब्रेक, दारं, धोक्याची घंटा सगळं पाहायचं, छापील फॉर्मवर एकेका रकान्यात खूण करायची आणि खाली सही ठोकायची. काम चोख. आपण पास केलेली लिफ्ट कधी अडकली नाही असं ते स्वतःच सांगतात, आणि दुर्दैवाने ते खरं आहे. पण या नोकरीने त्यांना एक खोड लावली. कुठल्याही लिफ्टमध्ये शिरले की आतल्या माणसांवर एक नजर टाकतात आणि मनातल्या मनात वजनाची बेरीज करतात. मनातल्या मनातच ठेवली असती तर माझी हरकत नव्हती. एकदा दवाखान्याच्या भरलेल्या लिफ्टमध्ये, सात अनोळखी माणसांसमोर, त्यांनी माझ्याकडे पाहून जाहीर केलं, "ही बाहत्तर धरा, म्हणजे आपण सहाशे दहा झालो." मी तेव्हा अडुसष्ट होते. त्या चार किलोंसाठी मी त्यांना आजवर माफ केलेलं नाही.

छत्री घ्यायची तरी हा माणूस तीन दुकानं फिरून काड्या मोजणार. पंखा बदलायचा म्हटलं की, "दोन तिमाही थांबू, भाव उतरतील." तिमाही हा त्यांचा लाडका शब्द. संध्याकाळी ते शेअर बाजाराचा अभ्यास करतात, आणि कंपन्यांचे निकाल तीन-तीन महिन्यांनी लागतात ना, त्यामुळे त्यांचं आयुष्यही तीन-तीन महिन्यांनी पुढे सरकतं. त्यांच्या पाठीमागे मी त्यांना 'तिमाही' म्हणते. ताईला ते माहीत आहे. ती आधी हसते आणि मग "अगं, ऐकतील" म्हणून मला दटावते.

ताई फिजिओथेरपिस्ट आहे. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याने घेऊन तिने एकोणीस वर्षं तिथे लोकांचे गुडघे, कमरा आणि खांदे वळते केले. भिंतीला लावलेले दांडे, छताला टांगलेली कप्पी, तीन खाटा. दाराशी उतार तिने स्वतः उभं राहून बांधून घेतला, कारण येणाऱ्यांतल्या निम्म्यांना एक पायरीही चढता येत नाही. मागच्या वर्षी मालकीणबाई गेल्या. त्यांच्या मुलाला जागा विकायची होती. मुलगा सज्जन. म्हणाला, "पहिला हक्क तुमचा. वर्षअखेरपर्यंत थांबतो, मग मात्र दुसऱ्याला देईन." ताईने आयुष्यभर साठवलेल्या पैशात जागेची किंमत जवळजवळ बसत होती. जवळजवळच. उरलेल्यासाठी कर्ज काढायला ती तयार होती. त्या दोन खोल्या आपल्या नावावर व्हाव्यात, याखेरीज तिने कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही.

आणि इथे भावोजींनी आपलं घोडं पुढे दामटलं.

एके रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांनी ताट बाजूला सारलं, वही उघडली आणि एका कंपनीचं नाव घेतलं. ते नाव मी सांगत नाही. तुमच्या खिशात तिचा फोन नसेल तर शेजारच्याच्या खिशात असेलच. म्हणाले, "फोन विकून होते तेवढी वाढ झाली. ज्याला घ्यायचा होता त्याने घेतला. आता खरा पैसा कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. घरं आखणारे, सिनेमे कापणारे, गाणी जुळवणारे. फोन माणूस चार-पाच वर्षं वापरतो. पण ज्यावर पोट आहे त्या सॉफ्टवेअरचे पैसे दर महिन्याला मुकाट भरतो. बाजाराने अजून हे पुरतं ओळखलेलं नाही."

"आणि तुम्ही ओळखलंत," मी म्हटलं.

"मी मोजलं," ते म्हणाले.

खरंच मोजलं होतं. लिफ्ट तपासताना ती प्रत्येक मजल्यावर थांबवून दार उघडावं लागतं. दार उघडलं की समोर कुठलं ना कुठलं ऑफिस, काचेपलीकडे रांगेने बसलेली माणसं. भावोजींनी सहा महिने त्या स्क्रीन मोजल्या होत्या. वहीत इमारत, मजला, एकूण स्क्रीन किती, त्यांतल्या या कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरच्या किती. सुरुवातीला शंभरात दोन, मग सात, मग अकरा. वर्तमानपत्रातल्या तज्ज्ञांपेक्षा ही युक्ती वाईट नव्हती, आणि हे लिहिताना माझा हात जड झाला आहे.

मी ड्रॉइंग ऑफिसात काम करते. इमारतींची, जिन्यांची, पाण्याच्या नळांची ड्रॉइंग काढायची. ताईसारखी एकोणीस नाही, पण सोळा वर्षं झाली. मी म्हटलं, "आमच्या धंद्यातली माणसं सॉफ्टवेअर बदलत नसतात, भावोजी. आमच्याकडे अठरा वर्षांची ड्रॉइंग साठलेली आहेत. ती सगळी जुन्यात. बोटांनाही जुन्याची सवय. नवं शिकत बसलो तर साइटवर भिंत कोण बांधणार?"

"तुझ्या ऑफिसात आलंय का नवं?"

"नाही अजून."

"मग तुला काय कळणार? तू आपली रेषा मार. वजन करायचं काम आमचं."

ताई हसली. त्यांच्या बोलण्याचं मला काही वाटलं नसतं, बावीस वर्षांत कातडी जाड झाली आहे. पण ताई हसली, ते मला लागलं. मग तिने ताटं उचलता उचलता सांगितलं, "तुमच्या पैशाचं काय करायचं ते करा. खोलीच्या पैशाला हात लावायचा नाही." विषय तिथेच संपला, असं मी धरून चालले.

पुढच्याच महिन्यात ते सॉफ्टवेअर आमच्या ऑफिसात येऊन धडकलं. आमच्या साहेबांना त्याचं कौतुक नव्हतं, त्यांना संगणक हवे होते. कंपनीची योजना अशी की बारा लायसन्स घ्या, बारा नवे संगणक अर्ध्या किमतीत मिळतील. अट एकच, सहा महिने सॉफ्टवेअर वापरलं पाहिजे. ते किती तास उघडं आहे हे ते स्वतःच मोजून कंपनीला कळवायचं, आणि दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी कंपनीचा माणूस येऊन बघून जायचा.

आम्ही इमानदारीने आठ दिवस वापरून पाहिलं. देखणं होतं, यात वाद नाही. पण त्याला फार कळायचं. मी नऊ इंचांची भिंत काढायला घेतली की ते ठरवायचं, बाईंना दहा इंच म्हणायचं असणार, आणि शेजारच्या चार भिंतीही सरकवून द्यायचं. जुनी ड्रॉइंग उघडली की निम्मी मापं गायब. आमच्यातल्या सर्वांत वयस्कर ड्राफ्ट्समनने, ज्यांना आम्ही 'आजोबा' म्हणतो, नवव्या दिवशी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "याला वापरायचं आहे की याने आपल्याला?" त्या दिवसापासून आमची पद्धत ठरली. सकाळी आल्याबरोबर नवं उघडायचं, मागे ढकलायचं आणि जुन्यावर कामाला लागायचं. मंगळवारी कंपनीचा माणूस येणार असला की नवं पुढे आणायचं. सॉफ्टवेअरबरोबर नमुन्याची काही ड्रॉइंग आली होती. त्यांतला वळणाचा जिना सर्वांत हलका, चटकन उघडायचा, त्यामुळे सगळे तोच उघडायचे. पहिल्या मंगळवारी आमच्या ऑफिसात बारा स्क्रीनवर बारा वेळा तोच जिना असायचा.

कंपनीचा माणूस अत्तर लावून यायचा. रांगेतून फिरायचा, फोटो काढायचा, "वा, छान" म्हणायचा आणि जायचा. त्याला ड्रॉइंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. साहेबांनी आम्हाला बजावलं होतं की ही गोष्ट ऑफिसाबाहेर जाता कामा नये.

तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी आमच्या इमारतीची लिफ्ट तपासायची पाळी आली आणि भावोजी आले.

आमच्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं, तेव्हा अत्तरवाला आत फोटो काढत होता. काचेपलीकडे मला ते दिसले. एका हातात फॉर्म, कानाला पेन्सिल. पेन्सिल काढून ते मोजायला लागले. बोट हवेत एकेका स्क्रीनवर थांबत होतं. बारा. पुन्हा पहिल्यापासून मोजलं, कारण हा माणूस एकदा मोजून थांबत नाही. पुन्हा बारा. मग आत आले, थेट माझ्या टेबलापाशी.

"सगळ्यांनी घेतलं की!" ते म्हणाले. डोळे चमकत होते. "कसं आहे?"

माझ्या मागे, पुढे, दोन्ही बाजूंना तोच जिना वळत होता. पायऱ्या त्याच, कठडा तोच, कोपऱ्यात नमुन्याची खूणही तीच. कुठल्याही ड्राफ्ट्समनने दारातून पाहून पोट धरून हसायला हवं होतं. भावोजी आकडे मोजत होते, जिना पाहत नव्हते. लिफ्टच्या माणसाला जिन्याकडे बघायची सवय नसते म्हणा.

मी म्हटलं, "बघताय ना तुम्ही."

एवढंच. त्यांनी मान डोलावली, वहीत लिहिलं आणि गेले.

आता साहेबांची ताकीद होती आणि अत्तरवाला चार हातांवर उभा होता, हे खरं. पण संध्याकाळी मी घरीच होते, फोन जवळ होता, तिथे साहेबही नव्हते आणि अत्तरही नव्हतं. मी फोन केला नाही. का, ते स्पष्ट सांगते. या सगळं मोजणाऱ्या माणसाने एकदा तरी सपशेल तोंडघशी पडावं, अशी माझी मनापासून इच्छा होती. त्यांच्या स्वतःच्या पैशात त्यांना चटका बसेल, पुढची दोन वर्षं जेवताना वही उघडणार नाहीत, एवढाच माझा अंदाज. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

त्यानंतर शेअर चढला. महिनाभर चढतच होता. बातम्यांत सांगायचे की व्यावसायिक सॉफ्टवेअरची एवढी लायसन्स खपली, तेवढी खपली. त्यांत आमची बाराही असणार. भावोजी रविवारी शीळ घालत असायचे. मी मूग गिळून बसायचे आणि मनात म्हणायचे, घाला, घाला.

सहा महिन्यांची अट संपली. संपल्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाराही लायसन्स बंद केली. आजोबांनी त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. आमच्यासारखी ऑफिसं गावोगाव होती हे उघडच होतं, कारण पुढच्या तिमाहीचे निकाल लागले तेव्हा कंपनीने मान्य केलं की नव्या सॉफ्टवेअरचे निम्मे ग्राहकही टिकले नाहीत. शेअर चढला होता तो याच आशेवर. दोन दिवसांत तो असा खाली आला की एक तृतीयांश भाव गायब. ज्या तज्ज्ञांनी कौतुक केलं होतं तेच आता कामाची माणसं सवयी बदलत नाहीत म्हणून समजावून सांगत होते.

मी ऑफिसात ती बातमी तीनदा वाचली. लपवत नाही, मला आनंद झाला. ऑफिस सुटल्यावर वाटेत मी वाक्यं जुळवत होते. 'भावोजी, तुमची बेरीज किती झाली हो आता?' हे मला त्यातल्या त्यात बरं वाटलं. आधी ताईला सांगावं, दोघी मिळून हसू, म्हणून मी तिच्या दवाखान्यात गेले.

ताई स्टुलावर चढून छतातली कप्पी सोडवत होती.

"हे काय?" मी विचारलं.

"खोली सोडतेय," ती म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "मुदत संपली. मालकीणबाईंच्या मुलाने फरशीवाल्याला दिली. काल बोलणं झालं."

"पण पैसे होते ना तुझ्याकडे?"

ताई खाली उतरली. कप्पी माझ्या हातात दिली, हात पुसले. "मी त्यात घातले होते. यांच्या त्या कंपनीत, म्हटलं कर्ज टळेल. हे तुझ्या ऑफिसात आले होते ना, तेव्हा. आता त्यांत खोली बसत नाही, आणि एवढं मोठं कर्ज मला कोण देणार?"

मी खाटेवर बसले. तोंडातून एवढंच आलं, "तू तर हात लावू देणार नव्हतीस."

"नव्हतेच देणार. हे घरी आले आणि म्हणाले, धाकटीच्या ऑफिसात बाराच्या बारा जणांनी घेतलंय. मी म्हटलं, आकडे राहू द्या, ती काय म्हणाली? तर म्हणाले, काहीच नाही म्हणाली." ताई मला समजावून सांगत होती, जणू यात माझं कौतुकच होतं. "अगं, तू यांना कधी सोडतेस का? यांनी शर्ट घेतला तरी तुला त्यात खोट सापडते. दुसऱ्यांनी चांगलं म्हटलं असतं तर मी हलले नसते. पण तू गप्प राहिलीस. म्हटलं, हिलाही जिथे बोट ठेवायला जागा सापडत नाही तिथे काळजी कसली. दुसऱ्या दिवशी पैसे दिले."

आतल्या खोलीतून कोणीतरी ताईला हाक मारली. शेवटचा पेशंट होता, खांद्याचा. ती आत गेली आणि तिचं मोजणं ऐकू यायला लागलं. एक, दोन, तीन, सावकाश, खाली.

तेवढ्यात भावोजी आले. ऑफिसातून तडक आले होते, हातात पाना. माझ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि भिंतीवरचे दांडे सोडवायला लागले. मी जुळवलेलं वाक्य माझ्या घशात होतं. इतका ओशाळवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहण्यासाठी मी बावीस वर्षं थांबले होते.

मी म्हटलं, "भावोजी, त्या बाराही स्क्रीनवर एकच जिना होता."

ते थांबले. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. सकाळी उघडून मागे ढकलणं, मंगळवार, अत्तरवाला, नमुन्याचं ड्रॉइंग. आवाज खाली ठेवला होता, कारण आत ताई आठ-नऊ मोजत होती.

"आणि खरं काम?"

"जुन्यावर."

"मी विचारलं तेव्हा तुला हे माहीत होतं."

"हो."

त्यांनी पाना खाटेवर ठेवला. मला वाटलं आता ओरडतील. ओरडावं असंच मला वाटत होतं, म्हणजे मलाही ओरडता आलं असतं आणि फिट्टंफाट झाली असती. त्यांनी भिंतीतली मोकळी झालेली भोकं एकेक करून मोजली. मग म्हणाले, "हिला सांगू नकोस."

"का?"

"माझ्यावर चिडली आहे ती. ते तिला जमतं, सवय आहे. आठ-पंधरा दिवसांत कामाला लागेल. तुझ्यावर चिडायची वेळ आली तर काय करेल, मला खरंच माहीत नाही." आणि पाना उचलून पुन्हा दांडा सोडवायला लागले.

मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. याच एका वेळी त्या माणसाने हिशोब करायला नको होता. माझं पाप आपल्या नावावर घेऊन तो खुशाल नट-बोल्ट सोडवत बसला होता, आणि आता जन्मभर मी त्याला काही बोलू शकणार नव्हते.

पेशंट गेला. ताई बाहेर आली ती हातात कागद घेऊनच. नवी जागा पाहिली होती तिने, दोन चौक पलीकडे, दुसऱ्या मजल्यावर. भाड्याचा करार होता, पाच वर्षांचा, चार पानांचा.

"हे म्हणतात चांगला आहे," ती म्हणाली. "पण यांचं आता काही सांगू नकोस मला. तू वाच. तू काही बोलली नाहीस तर आत्ताच सही करते."

तिने कागद माझ्या हातात दिला. भावोजींनी वर पाहिलं नाही. मी वाचायला लागले. पहिलं पान, दुसरं पान. भाडं, मुदत, दुरुस्ती कोणाची, लिफ्ट बंद पडली तर काय. ओळी दिसत होत्या, त्यांचा अर्थ लागत नव्हता. नुसतं 'थांब जरा' म्हटलं असतं, तरी का थांबायचं ते सांगावं लागलं असतं. चारही पानं मी उलटली आणि तशीच बसून राहिले.

ताईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, कागद परत घेतला आणि म्हणाली, "गप्प आहेस, म्हणजे ठीक आहे." मग खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून तिने पेन उघडलं.